अर्थिंगच्या दोन घागरी

आई, तुझ्या बोर्डाच्या जागी मी जे लोखंडी रॅक उभे केले होते ते परवा भंगारात गेले. दोन माणसं आली, त्यांनी करवतीने रॅकचे पाय कापले आणि आडवे करून टेम्पोत घातले. त्यांच्या जागी आता कपाटाएवढी एक पेटी आली आहे. तिच्यात काही हलत नाही, काही वाजत नाही, आणि ती चालू आहे हे तिच्यावरच्या हिरव्या दिव्याच्या शब्दावर विश्वास ठेवून मानायचं. मी मानतो. सरकारी नोकरीत इतकी वर्षं काढल्यावर माणूस बराच श्रद्धाळू होतो. पण रॅक बाहेर काढताना त्यांनी केबलचे जुडगे कोयत्याने तोडले आणि त्यांच्यावरची माझ्या हातची मेणदोऱ्याची शिवण उसवली, तेव्हा तुझी आठवण आली, असं लिहिलं तर तू म्हणशील, 'एरवी येत नाही वाटतं.' एरवीही येते. पण एरवी ती बेताने येते, देवाला हात जोडावेत आणि कामाला लागावं इतपत. परवा ती गेलीच नाही, म्हणून लिहायला बसलो.

बाबा गेले तेव्हा टेलिफोन खात्याने त्यांच्या जागी तुला घेतलं आणि आजोबांनी मला नगरच्या संस्कृत पाठशाळेत घातलं. घरात एकाने दिवसभर बोलायचं आणि एकाने दिवसभर पाठ करायचं, अशी ती वाटणी होती. कर्जतच्या पुढे आडबाजूला असलेल्या त्या गावात तू फोनच्या बोर्डापुढे बसायचीस, कानाला हेडफोन, समोर पितळी झडपांच्या ओळी. कुणी आपल्या फोनचा दांडा फिरवला की त्याच्या नंबराची झडप टक् करून पडायची, तू दोरीची पिन खुपसून विचारायचीस, 'बोला.' नंबर कुणी सांगतच नसे. 'बाई, आडत्याला द्या.' 'आडते जेवायला गेलेत, अर्ध्या तासाने करा.' हे खात्याच्या कुठल्या नियमात बसत होतं ते मला शास्त्र शिकूनही कळलं नाही. मी मात्र व्याकरण सोडून तारांकडे वळलो, टेक्निशियन झालो, आणि खात्याने विनोदबुद्धी दाखवून माझी पहिली मोठी नेमणूक तुझ्याच गावात केली: तुझा बोर्ड बंद करून तिथे आपोआप चालणारं एक्स्चेंज बसवायला.

रॅक रेल्वेने नगरला आले, तिथून ट्रकने. लाकडी खोक्यांतून बाहेर काढून, ओळंबा लावून, ते उभे करायला बरेच दिवस लागले. मग छताखाली लोखंडी शिडी आडवी टांगली, तिच्यावरून केबल आणायच्या, प्रत्येक केबल सोलून तिच्यातल्या तारा रंगाच्या क्रमाने वेगळ्या करायच्या आणि सगळा जुडगा मेणदोऱ्याने टाका घालत बांधायचा. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखी. मी तो क्रम शब्दरूपांच्या चालीवर म्हणत असे, कारण दुसरी कुठली चाल मला येतच नव्हती. तू बोर्डावरून मान वळवून विचारलंस, 'कुठल्या देवाचं रे हे?' मी म्हटलं, 'खात्याच्या.' जेवणाच्या सुट्टीत तू येऊन त्या शिवणीवरून बोट फिरवलंस आणि म्हणालीस, 'वेणी बरी घालतोस. मुलगी असतास तर मला उपयोग झाला असता.' एवढ्या कौतुकावर मी आठवडाभर काम केलं.

केबलचं काम चालू असतानाच खड्डा. इमारतीच्या मागे, तुझ्या क्वार्टरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, आम्ही पुरुषभर खोल खणलं. त्यात तांब्याचा पत्रा उभा केला, भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर घातले आणि माती ओढून घेतली. तू खिडकीतून विचारलंस, 'लोणचं घालतोयस का?' तेव्हा मी तुला अर्थिंग समजावून सांगितलं. आभाळातली वीज खांबांवरच्या तारांत उतरली की तिला जमिनीत जायला वाट लागते. ती वाट ओली असावी लागते. कोरडी असली तर वीज दुसरी वाट शोधते, आणि आपल्याकडे तारांच्या टोकाला दुसरी वाट म्हणजे तुझा कान. पाठशाळेच्या भाषेत सांगायचं तर पृथ्वीला आप पाजलं की तेज शांत राहतं. तू म्हणालीस, 'साध्या भाषेत कळलं होतं.' तुझ्या बोर्डाच्या अर्थिंगचा जुना पत्रा नव्या खोलीचा पाया खणताना निघाला होता, म्हणून एक्स्चेंज सुरू होईपर्यंत तुझा बोर्डही याच खड्ड्याला जोडला. तारेचं ते टोक मीच आवळलं.

खड्ड्याला रोज दोन घागरी पाणी घालायचं होतं, आणि क्वार्टर लागूनच असल्यामुळे ते काम तुझ्याकडे आलं. बहात्तरचा पाऊस आलाच नव्हता, हा त्याच्यानंतरचा उन्हाळा. विहिरींचे तळ दिसत होते, माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती, रेशनवर लाल मिलो, परदेशातली ज्वारी, मिळत होती. टँकर दवाखान्यासमोर उभा राहायचा आणि सरकारी काम म्हणून आपल्या दोन घागरी आधी भरल्या जायच्या. खडीवरून आलेल्या बाया रांगेतून बघत राहायच्या. एक म्हातारी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, 'सरकार मिठाला पानी पाजतंय बघा. आमची प्वारं कोरडी अन् खड्डा वला.' दुसरी म्हणाली, 'आगं, त्या खड्ड्यात सायबाचा देव हाय.' 'मंग सायबालाच बसवा म्हनावं त्यात. लई गार वाटंल.' रांग हसली. तूही हसलीस, घागरी उचलल्यास आणि मागे गेलीस. मला वाटलं, खड्ड्याकडे गेलीस.

दर शनिवारी मी अर्थिंग तपासायचो. दोन लोखंडी खुंट्या जमिनीत ठोकायच्या, तारा जोडायच्या आणि यंत्राचा दांडा गरागरा फिरवायचा. काटा डावीकडे राहिला तर वाट ओली, उजवीकडे सरकला तर कोरडी. पहिले काही शनिवार काटा जागेवर होता. मग तो सरकायला लागला. मी खुंट्या बदलल्या, तारा घासल्या, यंत्राला दोष दिला. शेवटी खाली बसून खड्ड्यावरची माती हाताने उकरली. ती पापडासारखी मोडत होती.

स्वयंपाकघर आहे. तू भाकरी थापते आहेस, मिलोची, जी थापली की कडेने फाटते आणि तू दर वेळी ओल्या बोटाने तिला सांधतेस. मी दारात उभा राहून विचारतो, 'पाणी कुठे जातंय?' तू वर न बघता म्हणतेस, 'दवाखान्यात.' शेजारच्या दवाखान्यात डॉक्टर आठवड्यातून एकदा येत. बाकीचे दिवस सगळा कारभार नर्सबाईंकडे. त्या मिशनच्या शाळेत शिकलेल्या, गळ्यात बारीक क्रूस, बाळंतिणींची खोली एकट्या सांभाळायच्या. टँकरचं पाणी प्यायलाच संपे, त्यांच्याकडे हात धुवायला उरत नव्हतं. त्यांनी मागितलं नव्हतं. तू बघितलं होतंस.

'तुला सांगितलं होतं ना, वाट कोरडी पडली तर काय होतं ते?'

'सांगितलंस की. दोनदा. एकदा संस्कृतात.'

'मग?'

'मग काय? वीज पडेल तेव्हा पडेल. बाया रोज बाळंत होतायत. उपाशी, खडी फोडून आलेल्या. तूच सांग कुठे ओतू. तू शिकलेला आहेस.'

मी शिकलेला होतो म्हणून पाण्याचा विषय सोडला. मग म्हटलं, 'आभाळ वाजलं की हेडफोन काढून ठेवशील?' 'काढीन.' 'शपथ घे.' 'शपथा घेणाऱ्यांचे फोन मी रोज जोडते. काढीन म्हटलं ना.' आणि पहिली भाकरी माझ्या ताटात टाकलीस.

त्यानंतर मी अंघोळ सोडली आणि माझी बादली खड्ड्यात ओतू लागलो. अशा स्नानाला शास्त्रात नाव नाही. भांडी विसळलेलं पाणी, तांदूळ धुतलेलं पाणी, सगळं तिकडे. काटा थोडा हलायचा आणि दुपारपर्यंत परत जायचा. ती जमीन पाणी पीत नव्हती, लपवत होती. साहेबांना मी फोनवर सांगितलं की अर्थिंग बिघडतंय. ते नगरहून म्हणाले, 'मग पाणी घाला.' तो कॉल तूच जोडून दिला होतास, आणि दोर काढताना तू माझ्याकडे बघितलंसही नाहीस. याहून जास्त सांगितलं असतं तर त्यांनी घागरींवर पहारा बसवला असता, आणि तू मला जेवायला वाढलं असतंस पण बोलली नसतीस. बोर्ड बंद ठेवा म्हणावं, तर टँकर त्याच बोर्डावरून मागवले जात होते. म्हणून मी दुसरा उपाय केला: लवकर काम संपवायचं. एक्स्चेंज सुरू झालं की बोर्ड बंद, बोर्ड बंद झाला की तुझा कान मोकळा. मी असा बांधत सुटलो की बोटांना मेणदोऱ्याने चिरा पडल्या.

गाव आभाळाकडे बघायचं. मीही बघायचो. आमची मागणी तेवढी उलट होती. दुपारी पूर्वेला ढगाचा बोटभर तुकडा दिसला तरी माणसं रस्त्यावर येत, डोक्यावर हात धरून उभी राहत, म्हातारे म्हणत, 'आज उतरतंय बघा,' आणि मी शिडीवरून खाली उतरून तुझ्या पाठीशी येऊन उभा राहायचो. ढग विरला की त्यांचे चेहरे पडत आणि माझ्या जिवात जीव येई. त्यांच्या ताटातली भाकरी मी ओळखत होतो, तीच माझ्याही ताटात होती, आणि तरी मला पाऊस नको होता. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. एक दिवस नर्सबाई सहज म्हणाल्या, 'तुम्ही देवाचं फार करता वाटतं. सारखे वर बघत असता.' मी म्हटलं, 'लक्ष ठेवतो.'

ज्येष्ठातली ती संध्याकाळ. ऊन अजून आहे पण त्याचा रंग गेला आहे. पूर्वेकडून जांभळट ढग चढतो आहे, वारा नाही, पाखरं नाहीत. रस्त्यावर गाव उभं आहे आणि कुणी बोलत नाही, जणू बोललं तर तो परत जाईल. मी शिडीवर शेवटच्या रॅकची केबल बांधतो आहे. लांब कुठेतरी आभाळ गुरगुरतं. मी खाली बघतो. तू हेडफोन काढतेस, खुंटीला लावतेस, हात मांडीवर ठेवतेस आणि माझ्याकडे बघतेस: झालं समाधान? झालं होतं. तेवढ्यात दारात नर्सबाई आल्या. त्यांचे हात कोपरापर्यंत लाल होते आणि ते त्यांनी अंगापासून लांब धरले होते.

'बाई, नगरला मोठ्या दवाखान्यात लावा. खडीवरची बाई आहे. मूल झालं, पण रक्त थांबत नाही. गाडी हवी, डॉक्टर हवा, आत्ता.'

तुझा हात खुंटीकडे गेला. मी शिडीवरून उडी मारली आणि हेडफोन आधी उचलला. 'मी लावतो,' म्हटलं. कानाला लावला, दांडा फिरवला. कानात आभाळ कुरकुरत होतं. नगरच्या ऑपरेटर मुलीने उचललं.

'कोण तुम्ही? बाई कुठायत?'

'मी त्यांचा मुलगा. टेक्निशियन आहे. मोठ्या दवाखान्यात जोडून द्या.'

'टेक्निशियननी लाइनवर यायचं नसतं. बाईंना द्या.'

'अहो, इथे विजा—'

'इथेही आहेत. आम्ही बंद करतोय.'

तू माझ्या डोक्यावरून हेडफोन काढून घेतलास, लहानपणी घरात आल्यावर टोपी काढायचीस तसा. खुर्चीत बसलीस. 'ठेवू नकोस गं,' तू म्हणालीस, 'मी आहे.' पलीकडून ती थांबली असावी, कारण तू पुढे बोलू लागलीस, संथ, मीठ मागावं तशी. मी तुला ओढू शकत नव्हतो, लाइन तोडू शकत नव्हतो. मी मागच्या दाराने दवाखान्यात पळालो. बाळंतिणीच्या खोलीबाहेर अर्धी घागर होती, ती उचलली. माझ्यामागे आलेल्या नर्सबाई म्हणाल्या, 'अहो, ते पाणी कशाला नेता?' मी म्हटलं, 'हे खड्ड्याचंच आहे. आई तुम्हाला देते ते सगळं खड्ड्याचं आहे.' त्या जागच्या जागी थांबल्या. त्यांना ठाऊक नव्हतं. मी धावत जाऊन घागर खड्ड्यावर पालथी केली. माती सूं करून आवाज करत होती, फेस येत होता, आणि मी मोकळी घागर धरून त्या फेसाकडे बघत असतानाच सगळं पांढरं झालं.

आवाज वेगळा आला नाही, पांढऱ्यातच होता. आणि त्याच्या आतून, तुझ्या खिडकीतून, दुसरा आवाज आला: बोर्डावरच्या सगळ्या झडपा एकदम पडल्याचा. गावातल्या सगळ्या घरांनी एकाच क्षणी तुला हाक मारावी तसा. मग काहीच नाही. मी आत कसा आलो ते आठवत नाही. तू खुर्चीतच होतीस. हेडफोन जमिनीवर, त्याच्यातून जळक्या रबराचा वास. डावा हात कानावर धरलेला, आणि उजव्या हाताने तू पडलेल्या झडपा एकेक करून वर लावत होतीस, ओळीने, पहिल्यापासून. 'गाडी निघाली,' तू म्हणालीस, जरा मोठ्याने.

गाडी आली. बाई वाचली, मुलगी झाली होती ती वाचली. पाऊस पडला नाही, एक थेंबही नाही. ढग वाजला, आपल्या पलीकडच्या खांबाच्या चिरफळ्या केल्या आणि निघून गेला. त्या अर्ध्या घागरीने काही केलं का, हा प्रश्न मी पुढे पुष्कळ इंजिनियरांना विचारला. ते हसून आकडेमोड करतात आणि ठाम काही सांगत नाहीत.

तुझ्या कानाचं मला एक्स्चेंज सुरू करायच्या दिवशी कळलं. आमच्याकडे एक रीत असे. नव्या यंत्राच्या जोडण्या अडवून ठेवायला लहान लहान लाकडी चिपा बसवतात, सगळ्या एका दोरीला बांधतात, आणि ती दोरी ओढली की चिपा उडून यंत्र एकदम जिवंत होतं. साहेबांना सौजन्य सुचलं, ते म्हणाले दोरी बाईंनी ओढावी. तू दोरी धरून उभी. साहेब तुझ्या डावीकडे. ते म्हणाले, 'ओढा.' तू हसऱ्या चेहऱ्याने समोर बघत राहिलीस. ते पुन्हा म्हणाले. तू समोरच्या माणसांचे चेहरे वाचलेस, आणि मग ओढलीस. चिपा उडाल्या, रॅक खडखडायला लागले, आणि टाळ्यांत तू मान फिरवून उजवा कान त्यांच्याकडे केलास. मी कोपऱ्यातून बघत होतो. तुला कळलं की मला कळलंय.

तुला नगरच्या ट्रंक बोर्डावर, परगावचे कॉल जोडायला, घेतलं. तिथला हेडफोन एकाच कानाचा असतो, तू तो उजवीकडे लावू लागलीस. खात्याला एकच कान लागतो, दुसरा ज्याचा त्याचा. नगरला लागूनच, केडगावात आपण खोली घेतली. रात्री पुणे रस्त्यावरचे ट्रक मला झोपू देत नसत, तू उजवा कान उशीत दाबून गाढ झोपायचीस. 'मला बटण दिलंय देवाने,' म्हणायचीस, 'तुला नाही.' म्हणून त्या सकाळी मी दारातून 'आई, चहा' म्हटलं आणि तू हलली नाहीस, तेव्हा मला काही वाटलं नाही. तू उजव्या कुशीवर होतीस. ऐकू येत नाहीये, झोपू दे, म्हणून मी कप झाकून ठेवला, दार ओढलं आणि ड्यूटीवर गेलो. दुपारी ऑफिसात फोन आला. डॉक्टर म्हणाले, पहाटेच गेल्या असाव्यात, आधी हलवलं असतं तरी काही झालं नसतं. त्यांच्यावरही मी विश्वास ठेवतो. सांगितलं ना, मी श्रद्धाळू आहे.

हे टपालाच्या पेटीत टाकण्यासारखं पत्र नाही. तरी एक राहिलं आहे ते लिहून ठेवतो. केडगावच्या ओट्यावर संध्याकाळी तू वाती वळत बसायचीस तेव्हा मी मुद्दाम तुझ्या डावीकडे बसायचो आणि रस्त्याकडे तोंड करून हळू आवाजात बोलायचो. बहुतेक वेळा साहेबांना शिव्या, दोन्ही भाषांत. पण एक वाक्य मी पुष्कळदा बोललो: त्या संध्याकाळी मला विचारलं असतं, तर मी त्या बाईला मरू दिलं असतं. तुझा हात मांडीवर तसाच फिरत असे, वात वळली जात असे. एकदाच तो मध्ये थांबला होता. मी उठून आत दिवा लावायला गेलो. आणि आई, ते वाक्य मी अजून मागे घेतलेलं नाही.